श्री. पारंपरिक यांचा जाहीर सत्कार

कोणतेही गाणे अजरामर व्हायचे असेल, तर त्याचा कर्ता जागेवर सापडता कामा नये. हा नियम मी केलेला नाही, तो आधीपासूनच आहे. कर्ता सापडला की तो नाव मागतो, नाव दिले की माईक मागतो (आणि माईक दिला की दुसरे गाणे ऐकवतो). यामुळे गाण्याच्या प्रसारात अडथळे येतात. आपल्याकडे हळदीला, बारशाला, डोहाळेजेवणाला आणि अलीकडे मिरवणुकीत जी गाणी वाजतात, त्यांतली बहुसंख्य गाणी ज्यांच्या नावावर आहेत ते श्री. पारंपरिक हे या नियमाचे आदर्श उदाहरण होत. एवढे विपुल लेखन करूनही या गृहस्थांनी आजवर एकाही संयोजकाकडे साधा नारळ मागितलेला नाही.

'श्री. पारंपरिक प्रतिष्ठान, बीड' या संस्थेचा मी चिटणीस आहे. त्यामुळे त्यांच्या 'आला मिशा कोरून' या गाजलेल्या गाण्याचा जन्म आणि त्याचे स्वागत यांची हकिगत नोंदवणे हे माझे कर्तव्यच आहे. हे गाणे आपण ऐकले नसेल, तर एक तर आपल्याला ऐकू येत नाही किंवा या वर्षी आपल्याला एकाही लग्नाचे बोलावणे आलेले नाही. दोन्ही बाबतींत माझी आपल्याला सहानुभूती आहे.

चौसाळ्याजवळ मोरखुरी नावाचे गाव आहे. तिथे छबुबाई आणि तिचा नवरा सटवा राहतात. काही वर्षांपूर्वी एका दुपारी छबुबाईने चुलीवर वांग्याची भाजी चढवली आणि डबा उघडून पाहते तो मीठ संपलेले. गावातल्या दुकानातही मीठ नव्हते, म्हणून तिने सटवाला चौसाळ्याला पिटाळले. सटवा गेला आणि दिवस कलल्यावर परत आला. मीठ आणले नव्हते. मिशा मात्र दोन्ही टोकांना बारीक कोरून, मध्ये नेमका भांग ठेवून आणल्या होत्या. याबाबत त्याने पुढे प्रतिष्ठानला जो जबाब दिला, तो असा: "किराणा बंद व्हता. किती येळ उभं ऱ्हायचं? समोर न्हाव्याची खुर्ची रिकामी दिसली, म्हनून बसलो. उठलो तवर मिठाचं ध्यानातून पार गेलतं."

यात न समजण्यासारखे काही नाही. कोणाही पुरुषाचे असे होऊ शकते. परंतु छबुबाईला ते समजले नाही. या बाईची एक खोड आहे. ती रागावली की भांडत नाही, गाणे करते. जावेशी, ग्रामसेवकाशी, खत-दुकानदाराशी झालेल्या मतभेदांवर तिची गाणी आहेत आणि मोरखुरीत लोक तिच्या तोंडाला लागत नाहीत ते याच भीतीने. त्या संध्याकाळी अळणी भाजी ढवळता ढवळता तिने हे गाणे जुळवले:

मीठ आणाया धाडला गं चौसाळ्याला,
आला मिशा कोरून, बया, आला मिशा कोरून!
चुलीवरती भाजी अळणी,
आरशात बघतो वळून, बया, आरशात बघतो वळून!

या दोन कडव्यांनंतर आणखी एक, तिसरे कडवे होते. जात्यावर किंवा हळदीला गाणे रचणाऱ्या बाया शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफतात, तशी जुनी रीत आहे. सहीच म्हणा ना. छबुबाईची सही अशी होती:

छबू म्हनं गं, जेव आता अळणी,
मिशीलाच घे चाटून, राजा, मिशीलाच घे चाटून!

गावातल्या प्रत्येक हळदीला हे गाणे होई. सटवा कुठेतरी मागे पाण्याची टाकी भरत असे, आणि बाया तिसऱ्या कडव्याला माना वळवून त्याच्याकडे बघत. तोही मिशीवर ताव देई. सगळे सुखात चालले होते.

अशाच एका हळदीला वडवणीचा डीजे पप्पू आपली गाडी घेऊन आला. ऐन रंगात त्याच्या जनरेटरचे डिझेल संपले. आवाज बंद पडताच बायांनी संधी साधली आणि छबुबाईने गाणे धरले. पप्पूने ते फोनवर टिपून घेतले, वडवणीला जाऊन त्याखाली ढोल घातला, बीडच्या एका ऑर्केस्ट्रातल्या गायिकेकडून ते गाऊन घेतले, मध्ये दोन ठिकाणी "ए पप्पू, वाजव की!" अशी आरोळी टाकली आणि गाणे इंटरनेटवर चढवले. तिसरे कडवे त्याने कापले. (पप्पूच्या अभ्यासानुसार तिसऱ्या कडव्यापर्यंत ऐकणाऱ्याचा अंगठा पुढच्या गाण्यावर गेलेला असतो.) गीतकाराचे नाव भरल्याशिवाय ते यंत्र पुढे सरकेना, म्हणून पप्पूने इतर गाण्यांखाली काय लिहिले आहे ते पाहिले आणि तेच लिहिले: 'गीत – पारंपरिक.'

पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. प्रतिष्ठानच्या पाहणीनुसार गेल्या हंगामात बीड जिल्ह्यात शंभर लग्नांमागे एकशे चार लग्नांत हे गाणे वाजले (चार लग्ने ऐनवेळी मोडली, पण मंडप आणि डीजे ठरलेलेच होते). न्हाव्यांच्या दुकानांतून 'पारंपरिक कट' ही नवी मिशी निघाली. बीडच्या एका कोचिंग क्लासमध्ये रसायनशास्त्राच्या सरांनी याच चालीवर सोडियम क्लोराईड शिकवले आणि विद्यार्थ्यांच्या ते लक्षात राहिले. फक्त उत्तरपत्रिकेत काहींनी रेणुसूत्रानंतर 'बया' असे लिहिले. नवऱ्या मुलाला मिठाचा पुडा आणि कंगवा असा जोड आहेर देण्याची प्रथा सुरू झाली, आणि ती फार जुनी असल्याचे वयस्कर मंडळी सांगू लागली.

याच क्लासला छबुबाईची मुलगी तेजश्री जाते. ती सुट्टीत घरी आली तेव्हा तिने आईला फोनवर गाणे लावून दाखवले. छबुबाई हरखली. आपल्या भांडणाला एवढा मोठा ढोल वाजतोय याचे तिला फार कौतुक वाटले. तिने शेजारणीला हाक मारली, सटवाला गोठ्यातून बोलावले. दोन कडवी झाली. ती तिसऱ्याची वाट बघत बसली आणि गाणे संपले.

"माझं नाव कुठं गेलं गं?" तिने विचारले.

"खाली लिवलंय की कोणाचंतरी," तेजश्रीने वाचले. "गीत, पारंपरिक."

"ह्यो कोन मेला?"

इथे मला वाचकांचे लक्ष वेधायचे आहे. आपण शिकलेली माणसे 'पारंपरिक' हा शब्द वाचतो आणि पुढे जातो. छबुबाई तिथेच थांबली. गाण्याखाली नाव असते ते माणसाचेच, हा तिचा समज. ज्याअर्थी नाव आहे त्याअर्थी माणूस आहे, आणि ज्याअर्थी माणूस आहे त्याअर्थी त्याचे घर असणार. तेजश्रीने तिला समजावले असते, पण सुट्टी संपली होती आणि तिला बीडची गाडी धरायची होती.

बाजारच्या दिवशी छबुबाई वडवणीला गेली आणि पप्पूच्या दारात उभी राहिली.

"पप्पू, ह्यो पारंपरिक कोन हाय रे? कुठं ऱ्हातो?"

"मावशी, तसा कोनी मानूस न्हाई," पप्पू म्हणाला. मुलगा स्वभावाने सरळ आहे.

"मानूस न्हाई तर त्याचं नाव कावून लिवलंस?"

"समदेच लिवतेत मावशी. त्याचं नाव लिवलं की भानगड न्हाई. आजवर त्यानं कोनालाच फोन केला न्हाई."

"म्हंजे समद्यांचीच गाणी ह्यानं घेतलीत?"

पप्पू वायर गुंडाळू लागला. या प्रश्नाचे उत्तर मलाही अजून सुचलेले नाही. छबुबाई तिथून निघाली आणि थेट एका पोलीस ठाण्यात गेली. (ठाण्याचे नाव देत नाही, त्या हवालदारांची बढती अडकलेली आहे.) हवालदारांनी तक्रार नियमानुसार लिहून घेतली. आरोपीचे नाव पारंपरिक, वडिलांचे नाव माहीत नाही, वय माहीत नाही, राहणार सर्वत्र. चोरीस गेलेला माल: तिसरे कडवे, एक. आरोपी फरार असल्याचा शेरा मारून त्यांनी, रिवाजाप्रमाणे, सुंदररावांना फोन लावला.

सुंदरराव हे आमच्या भागाचे नेते. तालुक्यात कोणतीही तक्रार आधी त्यांच्या कानावर आणि मग कागदावर जाते, त्यामुळे कागद वाचतो. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"हा पारंपरिक आपला मानूस हाय का त्यांचा?"

"कोनाचाच न्हाई साहेब. लापता हाय."

"मंग आपलाच," सुंदरराव म्हणाले.

नेतृत्व म्हणतात ते यालाच. एवढे लाडके गाणे लिहिणारा भूमिपुत्र जिल्ह्यात आहे आणि त्याचा अद्याप कोणी सत्कार केलेला नाही, ही गोष्ट त्यांच्या मनाला फार लागली. (जिल्हा परिषदेच्या निवडणुका जवळ आल्या होत्या. हा निव्वळ योगायोग.) दुसऱ्या दिवशी चौकाचौकांत फ्लेक्स लागले: 'आपल्या मातीचे सुपुत्र, लोकशाहीर मा. श्री. पारंपरिक साहेब यांचे हार्दिक अभिनंदन!' वर सुंदररावांचा मोठा फोटो, खाली शुभेच्छुकांचे लहान फोटो, आणि मधल्या जागेत फेटा बांधलेले एक भरघोस मिशांचे आजोबा. ते फ्लेक्सवाल्याच्या संगणकात कुठल्याशा तेलाच्या जाहिरातीसाठी ठेवलेले होते.

फ्लेक्स लागल्यावर माणूस नाही असे म्हणणे म्हणजे सुंदररावांना खोटे पाडणे. तशी कोणाची इच्छा नव्हती. उलट लोकांना हळूहळू आठवू लागले. एका निवृत्त तलाठ्यांनी पारंपरिकांना वडवणीच्या बाजारात उसाचा रस पिताना पाहिले होते. दोन गावांनी त्यांचे जन्मगाव आपलेच असल्याचा ठराव केला, तर तिसऱ्या गावाने त्यांची सासुरवाडी मागितली. ते आपल्याच समाजाचे असल्याची निवेदने निरनिराळ्या समाजांनी तहसीलला दिली, आणि तहसीलदारांनी सर्वांना पोच दिली.

याच सुमारास सुंदररावांनी प्रतिष्ठान स्थापले आणि मला चिटणीस केले, कारण मी मराठीचा निवृत्त प्राध्यापक आहे. 'पारंपरिक' या शब्दाचा अर्थ मला ठाऊक होता. परंतु अर्थ ठाऊक असणे आणि तो सभेत सांगणे या दोन वेगळ्या विद्याशाखा आहेत, आणि माझे अध्यापन पहिल्या शाखेत झाले. शिवाय मला त्या गाण्यावर एक प्रबंध सुचला होता. मीठ म्हणजे स्वातंत्र्य, हे उघड आहे. ते आणायला धाडलेला माणूस क्रांतिकारक, हेही उघड. मग तो मिशा कोरून का परतला? वेषांतर! निजामाच्या पोलिसांच्या हातावर तुरी द्यायला दुसरा इलाज नव्हता. अळणी भाजी म्हणजे गुलामगिरीतली जनता. 'आरशात बघतो वळून' या ओळीत आत्मपरीक्षण आहे. हा प्रबंध पुस्तकरूपाने निघाला असून सटवाने त्याची प्रत वाचून घेतल्यावर मला विचारले, "सर, ह्यात मी कुठं हाय?" मी त्याला सांगितले, की थोर साहित्यात व्यक्तीला महत्त्व नसते.

छबुबाईही प्रतिष्ठानच्या बैठकीला आली होती. आम्ही तिला खुर्ची दिली, ती खाली बसली. ती म्हणाली, "मला शाल नगं, नारळ नगं. टीव्हीत बी जायाचं न्हाई मला. निस्तं खाली माझं नाव लिवा. छबू, येवढंच लिवा. दोनच अक्षरं हायेत, लई जागा लागायची न्हाई."

विनंतीवर सहानुभूतीपूर्वक विचार झाला. परंतु तीन हरकती निघाल्या. एक, अर्जदार हयात आहे, आणि लोकगीताचा कर्ता हयात असल्याचे पूर्वोदाहरण नाही. दोन, लोकगीत समूहमनातून उमटते, आणि समूहमनाला एकट्या सटवाच्या मिशांशी वैर असायचे कारण नाही. तीन, फ्लेक्स छापून झाले आहेत. (पहिल्या दोन हरकतींवर चर्चा झाली. तिसरी एकमताने मान्य झाली.)

सत्कार बीडला मोठ्या मैदानावर ठरला. पण सत्कारमूर्ती काही केल्या मिळेना. अखेर पारंपरिक हे हयात नसावेत असा निष्कर्ष निघाला आणि श्री.चे कै. करण्यात आले. त्यामुळे हवालदारांनाही आरोपी मयत दाखवून तपास बंद करता आला. आता प्रश्न राहिला की मरणोत्तर सन्मानचिन्ह कोणाच्या हातात द्यायचे. वर्तमानपत्रातल्या फोटोसाठी ते घेणारे हात लागतातच. सुंदररावांनी तोही सोडवला. "ज्या बाईला त्यांचं गाणं समदं पाठ हाय, ती त्यांच्या घरातलीच असंल," ते म्हणाले. "तिलाच बोलवा. मालकीन म्हनून." त्याप्रमाणे निमंत्रणपत्रिकेत छापले गेले: 'कै. पारंपरिक यांच्या पत्नी श्रीमती छबुबाई पारंपरिक.'

पत्रिका घेऊन सटवा तडक सुंदररावांच्या बंगल्यावर आला.

"साहेब, मी जित्ता हाय की ओ! हिचं कुकू कावून पुसलं?"

"सटवा, जिल्ह्याच्या इज्जतीचा सवाल हाय," सुंदरराव त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "एक दिवस गप ऱ्हा. तुला पुढची खुर्ची देतो."

सटवा बाहेर येऊन पायरीवर बसला. पण छबुबाईने उलट होकार दिला. आम्हाला आश्चर्य वाटले. तिने फक्त एवढेच विचारले, की माईक आपल्या हातात मिळेल का. मिळेल, असे आम्ही सांगितले. तिचा बेत तेव्हाच माझ्या लक्षात आला होता. आणि खरे सांगतो, मला तो आवडलाही होता.

सत्काराच्या संध्याकाळी मैदान खच्चून भरले. सुंदररावांचे भाषण झाले, त्यात त्यांनी पारंपरिक साहेबांबरोबर एका ताटात जेवल्याची आठवण सांगितली आणि रुमालाने डोळे टिपले. मग छबुबाईला पुढे बोलावले. तिने कपाळावर नेहमीपेक्षा मोठे कुंकू लावले होते. पुढच्या खुर्चीवर सटवा बसला होता, मिशा ताज्या कोरलेल्या. तिने सन्मानचिन्ह माझ्या हातात दिले, शाल खुर्चीवर टाकली, माईक तोंडाशी धरला आणि ढोलाशिवाय गाणे सुरू केले.

पहिल्या ओळीला मैदान उठले. सगळ्यांना सगळे पाठ होते. पोरे खांद्यावर चढली, बाया नाचू लागल्या, हवालदारांनी टोपी काढून हवेत धरली. दुसरे कडवे संपले. छबुबाईने दम घेतला, सटवाकडे पाहिले आणि तिसरे कडवे धरले. पण मैदानाच्या दृष्टीने गाणे तिथे संपत होते. संपलेले गाणे पुन्हा पहिल्यापासून म्हणतात. हजारो गळ्यांनी एकदम 'मीठ आणाया धाडला गं' सुरू केले, आणि मंचामागे गाडी लावून बसलेल्या पप्पूने उत्साहाच्या भरात ढोलाचा आवाजही सोडला. मी मंचावर तिच्या बाजूलाच होतो. मला तिचे ओठ हलताना दिसले. 'छ' म्हणताना ओठ कसे होतात आणि 'बू' म्हणताना कसे होतात, हे मी बघितले. ऐकू काही आले नाही. तिने ते कडवे पुन्हा म्हटले, आणखी एकदा म्हटले, मग माईक खाली केला. मला फार वाईट वाटले. परंतु पुढे गुणवंतांचा सत्कार होता आणि वेळ थोडा होता.

एकट्या सटवाला कळले असावे. लोक नाचत असताना तो उभा राहिला आणि तिच्या कडव्याची शेवटची ओळ संपायच्या वेळी त्याने नेमकी मिशी चाटून दाखवली. शेजारच्यांना वाटले, माणूस प्यायलेला आहे. स्वयंसेवकांनी त्याला धरून बाहेर नेले.

कार्यक्रम एकंदरीत यशस्वी झाला. सुंदरराव निवडून आले. चौकाला कै. पारंपरिकांचे नाव मिळाले असून पुतळ्याचे काम मिशांपर्यंत आले आहे. प्रतिष्ठानपुढे सध्या एकच अडचण आहे. त्या दिवसापासून छबुबाई गात नाही. मोरखुरीत हळद असली की ती येते, हळद लावते, जेवते आणि तोंड मिटून बसते. बायांनी फारच आग्रह केला तेव्हा म्हणाली, "न्हाई गं बाई. मी म्हनले की ते पारंपरिकचं व्हतंय." आता सटवा मीठ विसरो की बैल, ती चक्क साध्या बोलण्यात भांडते. याचा परिणाम असा, की कै. पारंपरिक यांचे नवे लेखन आमच्या भागातून येणे जवळजवळ थांबले आहे.

तरी त्यांच्या अप्रकाशित गीतांचा संग्रह काढण्याचे प्रतिष्ठानने ठरवले आहे, आणि त्याकामी आपल्या सहकार्याची गरज आहे. आपण लहान असताना झोपत नव्हता, तेव्हा आपली आई मांडीवर थोपटत काहीतरी म्हणायची. त्यात आपले नाव असायचे, आपल्या खोड्या असायच्या, आणि ते दुसऱ्या कोणाच्याही घरी म्हणत नसत. जेवढे आठवत असेल तेवढे स्वच्छ अक्षरात लिहून आमच्याकडे पाठवावे. आईचे नाव कळवू नये. ते आम्ही घालू.